सामायिक कोड, खासगी उत्पादन

ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला आणि माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर, कोणालाही पाहता, वापरता, बदलता आणि पुढे देता येतो. ही मोकळीक परवान्यातून मिळते आणि परवान्याला अटी असतात. मोबाइल ॲप असो, बँकेची प्रणाली असो की रुग्णालयाची नोंदव्यवस्था, आज कंपन्या सहसा पहिल्या ओळीपासून सगळे स्वतः लिहीत नाहीत. पायातला बराच कोड ओपन सोर्स असतो आणि त्यावर कंपनी आपला बंदिस्त, मालकीचा कोड रचते. अशा उत्पादनात दोन प्रकारचे हक्क एकत्र नांदतात. एक कंपनीचा स्वतःच्या कोडवरचा, दुसरा इतर अनेक लेखकांचा त्यांच्या कोडवरचा. या दुसऱ्या हक्काच्या अटी पाळणे ही कंपनीची कायदेशीर जबाबदारी असते.

परवान्याचा आधार

भारतात संगणकाचा प्रोग्राम १९८४ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायदा, १९५७ खाली ‘साहित्यकृती’ मानला जातो. कादंबरीप्रमाणेच कोड लिहिला जाताच त्यावर हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. प्रत काढणे, रूपांतर करणे, प्रती लोकांना देणे हे सारे अधिकार कलम १४ नुसार हक्कधारकाकडे असतात. म्हणून इंटरनेटवर सापडलेला, पण सोबत कोणताही परवाना नसलेला कोड उचलून उत्पादनात घालता येत नाही. तो सर्वांना दिसतो, एवढ्याने तो सर्वांना वापरायला मोकळा होत नाही.

कायद्याच्या कलम ३० नुसार हक्कधारक लेखी परवाना देऊ शकतो. पूर्वी त्यावर सही लागत असे. २०१२ च्या दुरुस्तीने सहीची अट गेली. कोडसोबत एका फाइलमध्ये ठेवलेल्या परवान्याच्या मजकुरासाठी हा बदल महत्त्वाचा आहे. हक्कांच्या हस्तांतरणाचे कलम १९ परवान्यांनाही लागू होते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता, असे हे कलम धरून चालते. म्हणूनच परवान्यात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहिला आहे का, हे भारतीय कंपनीच्या वकिलाने तपासावे लागते. जीपीएल या परवान्याच्या (त्याची ओळख पुढे येते) तिसऱ्या आवृत्तीत हक्क कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी दिल्याचे नमूद आहे. अनेक छोट्या परवान्यांत मुदतीचा उल्लेखच नाही.

परवाना म्हणजे हक्कधारकाने अटींसह दिलेली संमती. अट मोडली की संमतीचा आधार निसटतो आणि उरतो तो विनापरवाना वापर.

रानाचा नियम आणि कोडचा नियम

गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत ‘सर्वांचे’ या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. जळाऊ लाकूड, बांबू, चराई यांचे निस्तार हक्क इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. वनहक्क कायदा, २००६ आल्यानंतर धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय वन व पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर बांबू विकत घेऊन नेणाऱ्याला ग्रामसभेचा परवाना सोबत ठेवणे भाग पडले. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावच्या ग्रामसभेने तर आपल्या रानासाठी स्वतःचे नियम केले आणि फांद्या छाटाव्या लागतात, वणवे लागतात म्हणून तेंदूपत्त्याची तोड थांबवली.

रान सगळ्या गावाचे, म्हणून ते बेवारशी नसते. हक्क असतो, हक्काला नियम असतात आणि मालासोबत कागद चालतो. ओपन सोर्सची व्यवस्था याच समजुतीवर उभी आहे. कोडसोबत चालणारा परवान्याचा मजकूर आणि लेखकांच्या कॉपीराइटची ओळ हा कोडचा वाहतूक परवानाच होय. तो काढून टाकला की माल कुठून आला आणि कोणत्या अटीवर आला, हे पुढच्याला कळत नाही.

एक फरक मात्र मोठा आहे. बांबू तोडला की कमी होतो, म्हणून रानाचे नियम किती न्यायचे याला मर्यादा घालतात. कोडच्या कितीही प्रती काढल्या तरी मूळ कोड कमी होत नाही. त्यामुळे ओपन सोर्सचे परवाने किती न्यावे याबद्दल काही सांगत नाहीत. कंपनीने फुकट वापरू नये किंवा विकून पैसे मिळवू नयेत, असेही ते म्हणत नाहीत. पुढे देताना सोबत काय द्यायचे, हेच ते मुख्यतः सांगतात. परवान्यांमधला मुख्य भेद या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे.

परवान्यांचे चार गट

पहिला गट उदार परवान्यांचा. एमआयटी आणि बीएसडी हे त्यातले जुने परवाने. कोड बंदिस्त उत्पादनात घाला, बदला, विका; फक्त कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत राहू द्या, इतकीच त्यांची मुख्य अट. जानेवारी २००४ मधील अपाचे परवान्याची दुसरी आवृत्ती याच गटातली, पण अधिक सविस्तर. बदललेल्या फाइलींवर बदलाची नोंद करावी लागते, ‘नोटीस’ नावाची फाइल असल्यास तिच्यातील श्रेयाच्या ओळी पुढे न्याव्या लागतात. या परवान्यात पेटंटचीही परवानगी मिळते; मात्र त्याच सॉफ्टवेअरवरून कोणी पेटंटचा दावा लावला तर त्या दावेदाराची पेटंटची परवानगी संपते.

दुसरा गट कॉपीलेफ्टचा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये त्यातून जीपीएल हा परवाना आला. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची, तिसरी २००७ ची. जीपीएलचा कोड आपल्या प्रोग्राममध्ये मिसळून तो प्रोग्राम कोणाला दिला, तर घेणाऱ्याला संपूर्ण प्रोग्रामचा सोर्स कोड जीपीएलखालीच द्यावा लागतो. बंदिस्त उत्पादन बनवणाऱ्या कंपनीसाठी ही सर्वांत मोठी अट. लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. मात्र कर्नलच्या नेहमीच्या सेवा वापरून चालणारे सामान्य प्रोग्राम कर्नलपासून बनलेले मानले जात नाहीत, हे कर्नलच्या परवान्यातच लिहिलेले आहे. त्यामुळे लिनक्सवर चालणारे बंदिस्त ॲप विकता येते.

तिसरा गट मधला. एलजीपीएल हा परवाना मुख्यतः लायब्ररींसाठी, म्हणजे इतर प्रोग्रामांना जोडून वापरायच्या तयार भागांसाठी आहे. बंदिस्त ॲप अशी लायब्ररी वापरू शकते, पण लायब्ररीत केलेले बदल खुले ठेवावे लागतात आणि घेणाऱ्याला त्या जागी लायब्ररीची बदललेली आवृत्ती बसवता आली पाहिजे. त्याच कारणासाठी, बदल तपासण्यापुरते उलगडून पाहण्यास मनाई करणारे कलम कंपनीला आपल्या करारात घालता येत नाही. मोझिला परवान्याची दुसरी आवृत्ती फाइलनिहाय हिशेब ठेवते. मोझिलाखालच्या फाइली खुल्या राहतात, शेजारी ठेवलेल्या कंपनीच्या फाइली बंदिस्त राहू शकतात.

चौथा गट एजीपीएलचा. जीपीएलची अट प्रत दिल्यावर लागू होते. पण सेवा सर्व्हरवरून दिली तर ग्राहकाच्या हाती प्रत जातच नाही. ही फट बुजवण्यासाठी नोव्हेंबर २००७ मध्ये एजीपीएलची तिसरी आवृत्ती आली. तिच्या कलम १३ नुसार बदललेला प्रोग्राम नेटवर्कवरून वापरणाऱ्यांनाही त्याचा सोर्स कोड मिळण्याची सोय करावी लागते.

एक उदाहरण: तेंदूच्या फळीवरचे ॲप

गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव आता स्वतः करतात. मे महिन्यात फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, प्रत्येक कुटुंबाची पुडकी मोजली जातात, नोंद होते आणि त्यावरून मजुरी व रॉयल्टी ठरते. समजा, एखादी छोटी कंपनी या हिशेबाचे बंदिस्त ॲप बनवून ग्रामसभांना विकते. या काल्पनिक ॲपचे थर उलगडले की अटी नेमक्या कुठे लागतात ते दिसते.

मोबाइलमध्ये नोंदी साठवण्यासाठी एसक्यूलाइट वापरले आहे. ते लेखकांनी हक्क सोडून सार्वजनिक केलेले आहे; अट काहीच नाही. नकाशा दाखवणारी लीफलेट ही लायब्ररी बीएसडी परवान्याखाली आहे. तिची कॉपीराइट सूचना ॲपच्या ‘परवाने’ या पानावर दिली की काम भागते.

नकाशाची माहिती ओपनस्ट्रीटमॅपची आहे. तिला २०१२ पासून ओडीबीएल हा माहितीसाठीचा परवाना आहे. स्क्रीनवर ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदात्यांना श्रेय द्यावे लागते. कंपनीने त्या माहितीत गावे, नाले, पायवाटा भरून सुधारलेला संच तयार केला आणि लोकांसमोर वापरला, तर तो सुधारलेला संच त्याच परवान्याखाली उपलब्ध करावा लागतो. पण कोणत्या कुटुंबाने किती पुडकी दिली याची वेगळी नोंद या अटीत येत नाही. ती स्वतंत्र माहिती आहे आणि ती खासगीच राहिली पाहिजे.

अक्षरांसाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्ता’ फॉन्ट घेतला आहे. तो ओपन फॉन्ट परवान्याखाली येतो. विकाऊ ॲपमध्ये फॉन्ट घालता येतो, परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा लागतो. फॉन्ट एकटा वेगळा विकता येत नाही आणि त्यात बदल केले तर बदललेला फॉन्ट त्याच परवान्याखाली राहतो. या फॉन्टमध्ये छापलेली पावती मात्र परवान्याखाली येत नाही. रेड हॅटचे ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट आधी जीपीएलखाली होते आणि २०११ मध्ये ओपन फॉन्ट परवान्याखाली आले. फॉन्टचा उपयोग प्रोग्रामपेक्षा वेगळ्या तऱ्हेने होतो, हे अशा बदलामागचे तर्कशास्त्र आहे.

वनक्षेत्राच्या सीमा कंपनीने क्यूजीआयएस या प्रोग्राममध्ये आखल्या. क्यूजीआयएस जीपीएलखाली आहे, पण अवजाराचा परवाना त्याने केलेल्या वस्तूला लागत नाही. नकाशा आखणाऱ्याचा राहतो.

कंपनीच्या सर्व्हरवर नकाशाची माहिती साठवण्यासाठी पोस्टजीआयएस बसवले आहे. तेही जीपीएलचे. प्रत कोणाला दिलेली नाही, म्हणून अट जागी होत नाही. उद्या तोच सर्व्हर ग्रामसभांच्या महासंघाच्या कार्यालयात बसवून दिला, तर पोस्टजीआयएसची प्रत दिली गेली. तेव्हा त्याचा परवाना आणि सोर्स कोड देण्याची जबाबदारी येते. कंपनीचा प्रोग्राम त्याच्याशी फक्त प्रश्नोत्तरांच्या भाषेत बोलत असेल, तर तो साधारणपणे स्वतंत्र मानला जातो आणि बंदिस्त राहू शकतो.

आता समजा, पावतीची पीडीएफ बनवण्यासाठी घाईत जीपीएलची एक लायब्ररी थेट ॲपच्या कोडमध्ये जोडली गेली आणि ॲप ग्रामसभांच्या फोनवर गेले. इथे संपूर्ण ॲपचा सोर्स कोड घेणाऱ्यांना देण्याची अट लागू होते. कंपनीपुढे चार वाटा राहतात: ॲप जीपीएलखाली खुले करणे, ती लायब्ररी काढून उदार परवान्याची दुसरी लावणे, पीडीएफचे काम खरोखर वेगळ्या प्रोग्रामकडे सोपवणे, किंवा लेखक विकत असेल तर त्याच कोडचा व्यापारी परवाना घेणे. ॲप पोहोचवण्याआधी तपासले असते तर हे काम फार तर दोन दिवसांचे ठरले असते.

याच कंपनीने पुढे स्वतःच्या नावाचे हातातले यंत्र विकले आणि आत अँड्रॉइड भरले, तर लिनक्स कर्नलची प्रत तिच्याकडून जाते. अँड्रॉइडचा वरचा बराच भाग अपाचेखाली असला तरी कर्नल जीपीएलचा आहे. म्हणून त्या यंत्रातल्या नेमक्या कर्नलचा, केलेल्या बदलांसह, सोर्स कोड द्यावा लागतो.

सोबत नेमके काय द्यायचे

‘सोर्स कोड देणे’ याचा अर्थ मूळ प्रकल्पाच्या संकेतस्थळाची लिंक देणे असा सहसा होत नाही. ज्या आवृत्तीतून उत्पादन बनले, नेमकी तीच आवृत्ती, त्यातले बदल, आणि त्यापासून चालणारा प्रोग्राम बांधण्याच्या स्क्रिप्टसुद्धा द्याव्या लागतात. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार कोड सोबत देता येतो, किंवा मागेल त्याला देण्याचे किमान तीन वर्षे टिकणारे लेखी वचन देता येते. तिसऱ्या आवृत्तीने घरगुती वापराच्या यंत्रांसाठी आणखी एक अट घातली. बदललेला कोड त्या यंत्रावर बसवून चालवण्यासाठी लागणारी माहितीही द्यावी लागते. नाहीतर कोड हाती येतो, पण यंत्र तो स्वीकारत नाही.

परवाने एकमेकांशी जुळतात का, हेही पाहावे लागते. ग्नूच्या पाठीशी असलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अपाचेची दुसरी आवृत्ती जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळते, दुसरीशी जुळत नाही. दोन्ही कोड मुक्त असूनही ते एका प्रोग्राममध्ये मिसळून देता येत नाहीत, अशी स्थिती त्यातून येऊ शकते. शिवाय कोडचा परवाना मिळाला म्हणून प्रकल्पाचे नाव आणि बोधचिन्ह वापरण्याचा हक्क मिळत नाही. तो ट्रेडमार्कचा वेगळा विषय आहे.

अट मोडली तर

जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत अट मोडताच परवाना आपोआप संपतो. तिसरी आवृत्ती दुरुस्तीला वाव देते. उल्लंघन थांबवले तर हक्क तात्पुरता परत येतो आणि त्यानंतर ६० दिवसांत हक्कधारकाने सूचना दिली नाही तर कायमचा. एखाद्या हक्कधारकाची पहिलीच सूचना असेल आणि ३० दिवसांत चूक सुधारली, तरीही हक्क परत मिळतो.

न्यायालयांनी या अटी गंभीरपणे घेतल्या आहेत. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने लिनक्सचे प्रोग्रामर हाराल्ड वेल्टे यांच्या बाजूने निकाल देऊन सायटकॉम कंपनीविरुद्धचा मनाई हुकूम कायम ठेवला. २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने ‘जेकबसन विरुद्ध कॅटझर’ खटल्यात ओपन सोर्स परवान्याच्या अटी कॉपीराइट कायद्याने अमलात आणता येतात, असे ठरवले. खटल्यातले सॉफ्टवेअर खेळण्यातल्या आगगाड्या चालवण्याचे आणि फुकट वाटलेले होते. फुकट दिले म्हणून हक्क नाही, हा युक्तिवाद तिथे टिकला नाही. २०२४ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने आंत्रूव्हेर या छोट्या कंपनीच्या जीपीएल लायब्ररीच्या वापराबद्दल ऑरेंज या दूरसंचार कंपनीला लाखो युरोंची भरपाई द्यायला लावली. भारतात कॉपीराइट कायद्याच्या कलम ५५ खाली मनाई हुकूम, नुकसानभरपाई आणि नफ्याचा हिशेब मागता येतो.

या वादांतून विधायक गोष्टीही निघाल्या. २००३ मध्ये लिंकसिसच्या एका वायरलेस राउटरमध्ये लिनक्स असल्याचे लक्षात आले. लोकांच्या आग्रहानंतर त्याचा सोर्स कोड प्रसिद्ध झाला आणि त्यावरून ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प उभा राहिला. जगभरच्या राउटरांवर तो आज चालतो.

पाळण्याची रीत

यातली बहुतेक उल्लंघने लबाडीतून न होता नोंद न ठेवल्याने होतात. एक प्रोग्रामर एक लायब्ररी घेतो, ती लायब्ररी मागे आणखी वीस ओढते आणि वर्षभराने आत काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही. म्हणून पहिला उपाय नोंदवहीचा. उत्पादनातील प्रत्येक घटकाचे नाव, आवृत्ती, उगम आणि परवाना लिहिलेल्या यादीला सॉफ्टवेअरचे घटकपत्रक म्हणता येईल. ते लिहिण्याची एसपीडीएक्स ही पद्धत २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली. भारताच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनेही २०२४ मध्ये अशा पत्रकांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. कंपनीत ही व्यवस्था कशी असावी याचे ‘ओपनचेन’ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२० पासून आहे.

त्यापुढची पावले साधी आहेत. कोणते परवाने थेट चालतील, कोणत्यांसाठी विचारावे लागेल आणि कोणते विक्रीच्या उत्पादनात नकोत, हे कंपनीने आधी लिहून ठेवावे. नवी लायब्ररी घेतानाच परवाना पाहावा. प्रत्येक आवृत्ती बाहेर पाठवताना परवान्यांचे पान आणि देय सोर्स कोड तिच्यासोबत जतन करावा. कंत्राटदाराकडून कोड लिहून घेतला असेल तर त्याच्याकडूनही हीच यादी घ्यावी, कारण ग्राहकाला प्रत देणारी कंपनीच जबाबदार धरली जाते. कंपनी विकली जाताना किंवा तिच्यात गुंतवणूक येताना हीच यादी अनेकदा मागितली जाते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये आपल्या प्रणालींसाठी ओपन सोर्सला प्राधान्य देणारे धोरण स्वीकारल्यामुळे सरकारी कामे घेणाऱ्यांना तर हा विषय टाळताच येत नाही.

या सगळ्या अटी शेवटी प्रत घेणाऱ्यासाठी आहेत. फळीवरचे ॲप बनवणारी कंपनी उद्या बंद पडली, तरी त्यातल्या जीपीएलच्या भागांचा कोड ग्रामसभेकडे असेल किंवा मागून मिळाला असेल, तर दुसऱ्या प्रोग्रामरकडून ते भाग दुरुस्त करून घेता येतात. कोणत्या भागावर आपला कोणता हक्क आहे, हे ग्रामसभेला ॲपमधल्या परवान्यांच्या पानावरून कळते. ते पान कोरे असेल, तर ॲप विकत घेण्याआधी ते भरून मागण्याचा अधिकार तिला आहे.